अंगावर सतत उठणारे पित्त: घरगुती उपायांवर गोळी बंद करता येईल का?

जाईजुई, नाशिक

नमस्कार. माझे वय चाळिशीच्या आसपास असून मी एका कार्यालयात बैठे काम करते. गेल्या पावसाळ्यापासून माझ्या अंगावर जवळजवळ रोज पित्त उठते. संध्याकाळी घरी पोहोचल्यावर कमरेभोवती, खांद्यावर पर्सचा पट्टा रुततो त्या जागी आणि मांड्यांवर लालसर, फुगीर गांध्या येतात, त्यांना असह्य खाज सुटते आणि सकाळी पाहावे तर त्यांचा मागमूसही नसतो. मधूनच एखाद्या दिवशी ओठ सुजतो. त्वचारोगतज्ज्ञांनी रोज रात्री लेव्होसेटिरिझिनची गोळी घ्यायला सांगितली आहे. गोळी चालू असेपर्यंत बरे वाटते आणि बंद केली की दोन-तीन दिवसांत पुन्हा तेच सुरू होते. शिवाय या गोळीने दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोळ्यांवर झापड राहते.

घरातील आणि ओळखीतील सर्वांनी आपुलकीने उपाय सुचवले आहेत. सासूबाई आमसुलाचा कोळ अंगाला लावून देतात, नणंदेने गुळवेलाचा काढा रोज घ्यायला सांगितला आहे आणि शेजारच्या काकूंचा कडुनिंबाच्या रसावर भर आहे. एका प्रयोगशाळेत मी जवळपास दोनशे अन्नपदार्थांची रक्ततपासणीही करून घेतली. तिच्या अहवालात गहू, दूध, तूर, शेंगदाणे, वांगे, केळे असे बरेच पदार्थ लाल रंगात दाखवले होते, म्हणून मी ते सर्व बंद केले. वजन उतरले, थकवा आला, पित्त मात्र उठतेच आहे. मला सकाळी शिंकांचा आणि धुळीचाही त्रास आहे.

माझा प्रश्न असा, की या नैसर्गिक उपायांपैकी खरोखर उपयोगाचे कोणते, निरुपद्रवी पण निरुपयोगी कोणते, आणि गोळी सोडून केवळ त्यांच्यावर राहता येईल का?

औदुंबर (त्वचारोगतज्ज्ञ, पुणे)

जाईजुईताई, आपण फार नेमके वर्णन केले आहे, आणि त्या वर्णनातच बरीच उत्तरे आहेत.

सहा आठवड्यांहून अधिक काळ, आठवड्यातील बहुतेक दिवशी अशा गांध्या उठत असतील तर त्याला आम्ही जुनाट शीतपित्त म्हणतो. त्वचेत मास्ट पेशी नावाच्या पेशी असतात. त्या उद्दीपित झाल्या की त्यांच्यातून हिस्टामिन बाहेर पडते, लहान रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपतो, त्वचा फुगते आणि खाज सुटते. अचानक एकदाच उठलेल्या पित्तामागे कोळंबी, शेंगदाणा, एखादे प्रतिजैविक किंवा विषाणूचा संसर्ग असे बाहेरचे कारण पुष्कळदा सापडते. महिनोन्महिने चालणाऱ्या पित्ताचे तसे नसते. त्यातील अनेक रुग्णांत शरीराची स्वतःची प्रतिकारयंत्रणाच मास्ट पेशींना चेतवत असते, आणि म्हणूनच अशा रुग्णांत थायरॉइडविरोधी प्रतिपिंडेही (थायरॉइड ग्रंथीविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिने) इतरांपेक्षा जास्त वेळा आढळतात. दोषी पदार्थ शोधून तो ताटातून काढला म्हणजे आजार जाईल, ही अपेक्षा येथे क्वचितच पूर्ण होते.

आपण करून घेतलेली तपासणी बहुधा आयजीजी प्रकारच्या प्रतिपिंडांची असावी. एखाद्या पदार्थाविरुद्ध ही प्रतिपिंडे सापडणे म्हणजे आपण तो पदार्थ खात आला आहात, इतकाच त्याचा अर्थ. पोळी, वरण, दूध रोज खाणाऱ्या माणसाच्या अहवालात गहू, तूर आणि दूध लाल दिसले तर त्यात नवल नाही. अॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटना अन्नाची अॅलर्जी ठरवण्यासाठी ही तपासणी करू नये असेच सांगतात. मला या प्रकाराची मनापासून चीड येते, कारण या अहवालांपायी अशक्त झालेल्या स्त्रिया मी नेहमी पाहतो. बंद केलेले पदार्थ आपण कधीही खाल्ल्यावर लगेच, म्हणजे पहिल्या दोन तासांत, पित्त उठल्याचा अनुभव नसेल तर ते एकेक करून पुन्हा सुरू करावेत. उद्यापासून वरणभात आणि पोळी खायला लागा, असे मी आग्रहाने सांगेन.

आता खऱ्या नैसर्गिक उपायाकडे वळू. आपल्या गांध्या कमरेभोवती आणि पर्सच्या पट्ट्याखाली, आणि त्याही संध्याकाळी येतात. हे दाबामुळे उठणाऱ्या पित्ताचे लक्षण असू शकते. दाब पडल्यानंतर लगेच नव्हे, तर बहुधा चार-सहा तासांनी तेथे सूज येते, म्हणून कारण आणि परिणाम यांचा संबंध सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. दिवसभर आवळलेली नाडी किंवा पट्टा आणि संध्याकाळची गांधी यांची सांगड घालून पाहावी. नाडीऐवजी रुंद, सैल इलॅस्टिक वापरावे. पर्सचा पट्टा रुंद असावा, कारण तोच भार अधिक जागेवर विभागला की त्वचेवरचा दाब कमी होतो. हा बदल फुकट आहे, आणि दाबाचे पित्त असेल तर कोणत्याही काढ्यापेक्षा अधिक गुण देणारा आहे.

दुसरा उपाय म्हणजे काही गोष्टी न घेणे. अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी जुनाट पित्त अनेकांत भडकते. डोकेदुखी, पाठदुखी किंवा पाळीतील दुखणे यांसाठी आपण काही घेता का, हे कृपया तपासावे. मद्य, खूप कढत पाण्याची आंघोळ, जागरण आणि मनावरचा ताण यांनीही उठाव वाढतो. ताणामुळे आजार जन्माला येत नाही, परंतु चालू असलेला आजार ताणाने उसळतो, हे रुग्ण स्वतःच सांगतात. त्यामुळे प्राणायाम, चालणे आणि पुरेशी झोप यांना मी उपचाराचा भाग मानतो.

ड जीवनसत्त्वाबद्दलही विचारणा होते. अमेरिकेत 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात, नेहमीच्या औषधांबरोबर रोज 4000 एकक ड जीवनसत्त्व 12 आठवडे घेणाऱ्यांचा त्रास 600 एकक घेणाऱ्यांपेक्षा अधिक कमी झाला होता. पुरावा मर्यादित आहे, तरी आपल्याकडे या जीवनसत्त्वाची कमतरता इतकी सर्वत्र दिसते की रक्तातील पातळी पाहून ती भरून काढण्यात तोटा काहीच नाही. मात्र दुकानातून मोठ्या मात्रेच्या पुड्या आणून मनाने घेत राहू नये, कारण त्याच्या अतिरेकाने रक्तातील कॅल्शियम वाढते.

गोळीविषयी स्पष्ट सांगतो. ती बंद करू नये, पण बदलून घेता येईल. फेक्सोफेनाडिन किंवा बिलास्टिन यांनी झापड फारच कमी येते. फेक्सोफेनाडिन संत्र्या-सफरचंदाच्या रसाबरोबर घेतल्यास नीट शोषले जात नाही, आणि बिलास्टिन जेवणाच्या किमान एक तास आधी किंवा दोन तासांनंतर घ्यावे लागते. एवढे पाळले नाही तर चांगले औषधही लागू पडत नाही. गोळी त्रास झाल्यावर नव्हे, तर रोज ठरलेल्या वेळी घ्यायची असते. या गोळ्यांची सवय लागत नाही. गोळी थांबवल्यावर पित्त परत उठते ते आतला आजार अजून शमलेला नसल्यामुळे. एका गोळीने भागत नसेल तर तज्ज्ञ मात्रा चौपटीपर्यंत वाढवतात, आणि त्यानेही न भागल्यास ओमॅलिझुमॅब नावाच्या औषधाचे इंजेक्शन चार आठवड्यांतून एकदा दिले जाते. स्टेरॉइडच्या गोळ्या मात्र दीर्घकाळ घेण्यासाठी नाहीत. हा आजार बहुतेकांत आपल्या गतीने शांत होतो. अनेकांचा तो वर्षभरात थांबतो, काहींना काही वर्षे लागतात. मधला काळ नीट झोपून, पोटभर जेवून काढता यावा, हेच गोळीचे काम आहे.

कृष्णाकाठ (वैद्य, सांगली)

वरील उत्तराशी मी सहमत आहे. आयुर्वेदाच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण ताईंनी विचारलेले बहुतेक उपाय आमच्याच परंपरेतले आहेत.

माधवनिदान या रोगनिदानाच्या जुन्या आयुर्वेदिक ग्रंथात शीतपित्त, उदर्द आणि कोठ या अंगावर उठणाऱ्या गांध्यांच्या प्रकारांचे एकत्र वर्णन आहे, आणि थंड वाऱ्याच्या स्पर्शाने कफ व वात बिघडून ते पित्तासह त्वचेत पसरतात असे कारण दिले आहे. पावसाळ्यात किंवा पंख्याच्या, वातानुकूलन यंत्राच्या थेट झोतात बसल्यावर ज्यांना गांध्या उठतात, त्यांना हे वर्णन तंतोतंत लागू पडते. म्हणून थंडीने पित्त उठणाऱ्यांनी गार पाण्याच्या पट्ट्या ठेवू नयेत. इतरांना ज्या गारव्याने आराम पडतो, त्यानेच यांचा त्रास वाढतो. अशा व्यक्तीने पोहायला जाताना तर फार जपावे, कारण सर्व अंग एकदम गार पाण्यात गेल्यास भोवळ येऊ शकते.

आमसुलाचा कोळ लावण्यास माझी हरकत नाही. चार-पाच आमसुले वाटीभर पाण्यात भिजवून, कुस्करून, गाळून घ्यावीत आणि ते पाणी हलक्या हाताने लावावे. त्याने पुष्कळांची खाज तात्पुरती निवते, आजार मात्र त्याने हटत नाही. खाजवून त्वचा सोलली असेल तर ते लावू नये, आंबटपणाने आग होते. बाजारातील आमसुलांना बरेच मीठ लावलेले असते, त्यामुळे आधी एकदा धुऊन घेतलेली बरी. गेरूचा लेपही पूर्वापार आहे. बिब्ब्याला मात्र हात लावू नये. काही ठिकाणी अजूनही खाजेवर बिब्ब्याचे तेल सुचवले जाते, आणि मग बिब्बा उतून फोड आलेले रुग्ण माझ्याकडे येतात.

पोटात घेण्याच्या औषधांबाबत मी अधिक सावध आहे. शीतपित्तावर हरिद्राखंड हा आमचा नेहमीचा कल्प आहे, पण त्यात हळदीपेक्षा साखरच अधिक असते, हे मधुमेहींना कोणी सांगत नाही. गुळवेल ही थोर वनस्पती आहे, तरीही ती रोज, अनिश्चित काळ, कोणाच्याही देखरेखीविना घेण्याची वस्तू नव्हे. 2021 मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला झालेल्या इजेची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, की वनस्पतीची ओळख पटवलेली नव्हती आणि तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात वापरली गेली असू शकते. वाद काहीही असो, बागेतल्या वेलीची ओळख आपल्याला खात्रीने पटत नाही, ही गोष्ट त्यातून ठळक होते. ज्यांची स्वतःची प्रतिकारयंत्रणाच चुकीच्या दिशेने चेतलेली आहे, त्यांनी ती आणखी चेतवणाऱ्या काढ्यांपासून अधिकच जपावे. कडुनिंबाचा रस कडू असतो म्हणून गुणकारी असतोच असे नाही, आणि तो रोज मोठ्या मात्रेत घेऊ नये.

आरोग्यवर्धिनीसारख्या गोळ्यांत कज्जली म्हणजे पारा व गंधक, तसेच ताम्रभस्म असते. त्या वैद्याने नाडी, पोट, वय पाहून, ठरावीक दिवसांपुरत्या द्यायच्या असतात. ऑनलाइन मागवून महिनोन्महिने घ्यायच्या नसतात. अमेरिकेतील बॉस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या 70 आयुर्वेदिक उत्पादनांपैकी 14 मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडल्याचे 2004 मध्ये प्रसिद्ध झाले होते. आपल्या शास्त्राविषयी प्रेम असणाऱ्यानेच हे मोठ्याने सांगायला हवे. याहून वाईट प्रकार म्हणजे लेबल नसलेल्या कागदी पुड्या. पहिल्याच दिवशी चमत्कारासारखा गुण आला, भूक वाढली, चेहरा गोल दिसू लागला, तर त्या पुडीत स्टेरॉइड मिसळलेले असण्याची दाट शक्यता असते. अशी पुडी बरेच दिवस घेतली असेल तर ती एकाएकी थांबवणेही धोक्याचे असते, म्हणून ती घेऊनच डॉक्टरांकडे जावे.

वाशिष्ठी, चिपळूण

मला हा आजार होता आणि आता तो शांत आहे, म्हणून रोजच्या व्यवहारातल्या काही गोष्टी लिहिते.

खाज सुटली की नखे न लावता कॅलामाइन लोशन लावायचे किंवा सुती रुमाल गार पाण्यात पिळून दाबून ठेवायचा, हे मला सर्वांत लागू पडले. थंडीने माझे पित्त उठत नसे, हे येथे सांगायला हवे. कोकणातल्या पावसाळ्यात कपडे नीट वाळत नाहीत आणि दमट कपडा अंगाला घासला की खाज वाढते, त्यामुळे आतले कपडे इस्त्री करून, पूर्ण कोरडे करूनच घालावेत. आंघोळ कोमट पाण्याने करावी आणि घासणी वापरू नये.

आमच्या डॉक्टरांनी सांगितलेली एक साधी युक्ती फार उपयोगी आहे. नव्या गांधीभोवती बॉलपेनाने कड आखून वेळ लिहून ठेवावी. साध्या पित्ताची गांधी चोवीस तासांच्या आत त्या रेघेतून नाहीशी होते किंवा दुसरीकडे सरकते. ती त्याच जागी त्याहून जास्त टिकली, खाजेपेक्षा आग आणि दुखणे अधिक असले, किंवा जाताना निळसर-तपकिरी डाग राहिला, तर रक्तवाहिन्यांना सूज असण्याची शंका घेऊन त्वचेचा लहान तुकडा तपासावा लागतो. माझ्या पोटरीवरची रेघ दुसऱ्या सकाळी रिकामी दिसली तेव्हा माझी मोठी धास्ती गेली.

जाईजुई, नाशिक

आपणा सर्वांची मी अत्यंत आभारी आहे. पाठदुखीसाठी औषधांच्या दुकानातून घेत असलेल्या गोळीचे पाकीट पाहिले, तर त्यावर पॅरासिटामॉलबरोबर डायक्लोफेनॅक लिहिलेले आहे. दिवसभर बसून पाठ भरून आली की ती मी घेते. आज सुट्टीमुळे सैल गाउन घातला होता आणि कमरेला एकही गांधी नाही, हेही नोंदवते. वरण-पोळी सुरू केली आहे.

दोन शंका उरतात. सकाळच्या शिंकांसाठी जलनेती करावी का? आणि ओठ सुजतो तेव्हा घाबरावे की थांबून पाहावे?

औदुंबर (त्वचारोगतज्ज्ञ, पुणे)

डायक्लोफेनॅक असलेली ती गोळी थांबवा. पाठीसाठी नुसते पॅरासिटामॉल बहुतेकांना चालते, आणि त्याहूनही शेक, व्यायाम व खुर्चीची उंची यांकडे लक्ष द्यावे. औषधाच्या कागदावर डॉक्टरांकडून ठळक लिहून घ्या, की या गटातील वेदनाशामके देऊ नयेत. दाताच्या किंवा हाडांच्या डॉक्टरांकडे गेल्यावर हाच कागद कामाला येतो. सुट्टीच्या एका दिवसावरून निष्कर्ष काढू नये, पण खूण चांगली आहे.

जलनेतीचा नाकाच्या अॅलर्जीवर खरोखर उपयोग होतो, कारण नाकातील धूळ आणि परागकण त्याने धुतले जातात. पित्तावर तिचा परिणाम होईल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. पाणी उकळून थंड केलेलेच हवे, आणि या बाबतीत जराही सूट नाही. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात 2011 मध्ये नळाचे पाणी नेतीपात्रातून नाकात घेतल्याने दोन व्यक्तींना मेंदूचा अमीबाजन्य संसर्ग होऊन त्या दगावल्या. हेच पाणी पिण्यात आले तर हा संसर्ग होत नाही, नाकावाटे वर गेले तर होऊ शकतो. पाव लिटर कोमट पाण्यात जेमतेम अर्धा चहाचा चमचा मीठ पुरते, आणि पात्र प्रत्येक वेळी धुऊन कोरडे करावे. शिंकांचे मूळ पुष्कळदा अंथरुणातील धुळीच्या किड्यांत असते. उशीचे अभ्रे आणि चादरी आठवड्यातून एकदा 60 अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवाव्यात, आणि झटकण्या-झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे.

ओठ किंवा पापणी सुजणे हा याच आजाराचा भाग असतो आणि एरवी ती सूज एक-दोन दिवसांत उतरते. परंतु जीभ सुजली, आवाज बदलला, गिळता येईना, श्वास घेताना आवाज येऊ लागला, भोवळ आली किंवा पित्ताबरोबर उलट्या सुरू झाल्या, तर घरी काहीही लावत किंवा पाजत बसू नये. 108 ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी आणि येईपर्यंत आडवे पडून पाय उंच ठेवावेत, दम लागत असेल तर बसून राहावे. अशा वेळी मांडीत दिलेले अॅड्रेनालिनचे इंजेक्शनच जीव वाचवते. अॅलर्जीची गोळी तेथे पुरी पडत नाही. रक्तदाबासाठी रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण या औषधांनी गांध्या न उठता नुसती ओठा-जिभेची सूज येऊ शकते.

पुढच्या भेटीपर्यंत रोज दोन आकडे लिहा. चोवीस तासांत गांध्या मुळीच नसतील तर 0, वीसपेक्षा कमी असतील तर 1, वीस ते पन्नास असतील तर 2, त्याहून अधिक किंवा मोठे पसरलेले चट्टे असतील तर 3. खाजेलाही तसेच 0 ते 3 द्या. सात दिवसांची बेरीज जास्तीत जास्त 42 होते. सहापर्यंत असेल तर आजार चांगला आटोक्यात आहे असे समजतात, 28 किंवा त्याहून अधिक असेल तर तो तीव्र मानतात. कोणत्या दिवशी कोणता कपडा घातला, वेदनाशामक घेतले का, पाळी कधी आली, हे शेजारी लिहा. गांध्यांचे फोटोही उजेडात काढून ठेवा, कारण आपली वेळ सकाळची असेल तर दवाखान्यात पोहोचेपर्यंत दाखवण्यासारखे काही उरलेले नसेल. ही वही पाहूनच गोळी बदलायची, वाढवायची की हळूहळू कमी करायची, ते आपले डॉक्टर ठरवतील. त्याच भेटीत रक्तातील पेशींची मोजणी, सूज दाखवणारी सीआरपी तपासणी आणि थायरॉइडविरोधी प्रतिपिंडे एवढे पाहून घेण्याबद्दल त्यांना विचारावे.